नागपूरच्या उत्तराबाई आणि बंगालची शारदा

घरात कोणी बोलत नाही अशी भाषा एखाद्या दिवशी आपल्याच मुलीच्या तोंडून ऐकू यावी, आणि ज्या भाषेत तिला अंगाई म्हटली ती तिला कळेनाशी व्हावी, ही कल्पना कोणत्याही आईबापांना हादरवून टाकणारी आहे. १९७४ सालच्या प्रारंभी नागपुरातील एका सुशिक्षित मराठी कुटुंबावर नेमका हाच प्रसंग आला. पुढे ह्या प्रकरणाची चर्चा वृत्तपत्रांतून झाली, देशी-परदेशी संशोधकांनी त्यावर अहवाल आणि ग्रंथ लिहिले, आणि आजही अतींद्रिय अनुभवांच्या शास्त्रीय चर्चेत त्याचा उल्लेख आवर्जून होतो. नवल एवढेच, की ज्या मराठी घरातून ही हकीगत बाहेर पडली त्या मराठी समाजातच ती आता फारशी कोणाला आठवत नाही. म्हणून वाचकांसमोर ती पुन्हा एकदा, शक्य तितक्या तटस्थपणे, मांडावीशी वाटते.

घराणे आणि बालपण

कु. उत्तरा हुद्दार ह्यांचा जन्म नागपूर येथे १९४१ साली झाला. वडील गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार हे एक विलक्षणच व्यक्तिमत्त्व होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रारंभीच्या काळात ते सरकार्यवाह होते. क्रांतिकार्यासाठी पैसा उभा करण्याकरिता घातलेल्या एका दरोड्याच्या खटल्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले, आणि तेथून थेट स्पेनच्या यादवी युद्धात, ‘जॉन स्मिथ’ असे नाव धारण करून, फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढावयास उतरले. १९३८ साली ते पकडले गेले आणि काही महिन्यांच्या कैदेनंतर सुटून स्वदेशी परतले. नंतर ते साम्यवादी पक्षाकडे वळले. अशा ह्या चळवळ्या, वाचनप्रिय आणि बुद्धिवादी वातावरणाच्या घरात उत्तराबाई वाढल्या, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. भुताखेतांच्या गोष्टींवर पोसलेले, नवसासायासांत बुडालेले असे ते घर नव्हते.

उत्तराबाई बुद्धीने हुशार. त्यांनी इंग्रजी आणि लोकप्रशासन ह्या दोन विषयांत एम. ए. केले आणि नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन शिकवू लागल्या. त्या अविवाहित होत्या. लहानपणी त्यांना सापांची अतोनात भीती वाटे, अशी आठवण घरच्यांनी नंतर सांगितली. त्या पोटात असताना आपल्या पायाच्या बोटाला साप डसल्याचे स्वप्न वारंवार पडे, असे त्यांच्या आईने सांगितले. ह्या दोन्ही गोष्टी प्रकरण उघडकीस आल्यावर सांगितल्या गेल्या आहेत. त्या खोट्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण पुढे काय घडले हे माहीत असलेला माणूस मागच्या आठवणी वेगळ्या उजेडात पाहतो, हेही विसरून चालणार नाही.

शारदा प्रकटते

तिशी ओलांडल्यावर प्रकृतीच्या तक्रारींमुळे उत्तराबाईंनी एका आश्रमवजा उपचारकेंद्रात औषधोपचार सुरू केले आणि १९७३च्या अखेरीस त्या तेथेच राहावयास गेल्या. तेथे त्या ध्यानधारणाही करू लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या वागण्यात पालट दिसू लागला. कधी त्या गप्प बसत, कधी अस्वस्थ होऊन फिरत. आणि मग एके दिवशी त्या बोलू लागल्या ते बंगालीत. मराठी, हिंदी, इंग्रजी ह्यांपैकी कोणतीही भाषा त्यांना कळत नाही असे दिसू लागले. लुगडे नेसण्याची तऱ्हा बंगाली झाली, केस मोकळे राहू लागले, चालण्याबोलण्यातली लाज आणि बुज जुन्या काळच्या कुलवधूची झाली. विद्यापीठात लोकप्रशासनावर व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापिकेच्या जागी घरच्यांना एक अनोळखी, भांबावलेली, आपल्या माणसांना शोधणारी स्त्री दिसू लागली. तिने आपले नाव शारदा असल्याचे सांगितले.

हळूहळू, बंगाली जाणणाऱ्या मंडळींच्या साहाय्याने, तिची हकीगत समजत गेली. वडिलांचे नाव ब्रजनाथ चट्टोपाध्याय. ते देवळाशी संबंध असलेले विद्वान ब्राह्मण. आई लहानपणीच वारली, म्हणून ती सप्तग्राम येथे नातलगांकडे वाढली. विवाह विश्वनाथ मुखोपाध्याय ह्या वैद्याशी झाला. सातव्या महिन्याची गरोदर असताना, फुले तोडताना, पायाच्या बोटाला साप डसला. त्यापुढचे तिला काही आठवत नव्हते. आपण मरण पावलो आहोत अशी तिची समजूतच नव्हती! तिच्या दृष्टीने ती जिवंतच होती. फक्त कुठे तरी परक्या मुलखात, परक्या बोलीच्या माणसांत येऊन पडली होती. आगगाडी, मोटार, विजेचे दिवे ह्यांतले काहीच तिच्या ओळखीचे नव्हते. तिच्या सांगण्यावरून तिचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतला ठरतो. आणि बंगालमध्ये हावड्याहून हुगळीकडे पहिली आगगाडी धावली ती १८५४ साली. तेव्हा आगगाडीविषयीचे तिचे अज्ञान निदान तिच्या कथेशी सुसंगत होते.

शारदेचे हे येणे कायमचे नव्हते. कधी एक दिवस, कधी काही दिवस, तर कधी महिनाभराहूनही अधिक काळ ती राही. मग एकाएकी उत्तराबाई भानावर येत आणि मधल्या काळातले त्यांना काहीही आठवत नसे. हे पालट पुष्कळदा अष्टमीच्या सुमारास होतात असेही आढळून आले. भानावर आल्यावर उत्तराबाई पूर्ववत् मराठी बोलत आणि आपल्या कामाला लागत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर एकाच देहात दोन आयुष्ये आळीपाळीने नांदत होती, आणि त्यांपैकी एकीला दुसरीच्या दिवसांची वार्ता नसे.

ह्या काळात त्या वृद्ध आईबापांची मनःस्थिती काय झाली असेल ह्याची कल्पना करवत नाही. पोटची मुलगी समोर बसली आहे, पण ‘जेवलीस का?’ हा साधा प्रश्नही तिला विचारता येत नाही. खाणाखुणांनी आणि हळूहळू कानी पडलेल्या चार बंगाली शब्दांनी व्यवहार चालवावयाचा. शारदा त्यांना आईवडील म्हणून ओळखत नसे. असे असूनही घराने तिला वाऱ्यावर सोडले नाही, कोंडून घातले नाही, की अघोरी उपायांच्या मागे लागून तिचे हाल केले नाहीत. संशोधकांच्या ग्रंथांत ह्या गोष्टीला फारशी जागा मिळत नाही. माझ्या मते तिला पहिली जागा मिळावयास हवी.

संशोधनाची कहाणी

१९७५ साली हे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसरोगतज्ज्ञ डॉ. इयान स्टीव्हन्सन ह्यांच्या कानी गेले. पुनर्जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या मुलांचा अभ्यास हे डॉ. स्टीव्हन्सन ह्यांचे आयुष्यभराचे कार्य होते. त्यांच्या सहकारी म्हणून बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेशी संबंधित डॉ. सतवंत पसरिचा ह्यांनी नागपुरात येऊन अनेकांच्या मुलाखती घेतल्या. प्रा. पाल ह्यांच्यासारख्या बंगाली विद्वानांनी शारदेशी प्रत्यक्ष संभाषण केले आणि तिने सांगितलेली गावे, देवळे ह्यांची बंगालमध्ये जाऊन चौकशी केली. मराठी मानसशास्त्रज्ञ डॉ. अकोलकर ह्यांनी स्वतंत्रपणे आणि दीर्घकाळ ह्या प्रकरणाचा मागोवा घेतला. त्यांचा विस्तृत अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी स्टीव्हन्सन आणि पसरिचा ह्यांचा प्राथमिक अहवाल १९८०मध्ये आणि स्टीव्हन्सन ह्यांचा ‘न शिकलेल्या भाषे’वरील ग्रंथ १९८४मध्ये बाहेर पडला होता.

ह्या शोधात जी सर्वांत लक्षवेधी गोष्ट हाती लागली ती एक वंशावळ. हुगळी जिल्ह्यातील बांसबेडिया ह्या गावी एका चट्टोपाध्याय घराण्याकडे जुनी वंशावळ होती. शारदेने आपले वडील आणि काही पुरुष नातलग ह्यांची जी नावे सांगितली होती ती त्या वंशावळीत, एकमेकांशी बऱ्याच अंशी जुळत्या नात्यांनी, आढळली. ह्याच बांसबेडियात हंसेश्वरीचे प्रसिद्ध मंदिर आहे. राजा नृसिंहदेव राय ह्यांनी १७९९ साली त्याचे बांधकाम आरंभले आणि त्यांच्या पश्चात राणी शंकरी ह्यांनी ते १८१४मध्ये पुरे केले. शारदेच्या बोलण्यात ह्या देवळाचा उल्लेख येई, आणि तिच्या सांगितलेल्या काळाशी त्याचा मेळ बसतो.

पण ह्या पुराव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या वंशावळींच्या रिवाजाप्रमाणे तीत केवळ पुरुषांची नावे होती. शारदा नावाची मुलगी ह्या घरात जन्मली, वाढली, सर्पदंशाने गेली, ह्याचा एकही लेखी पुरावा आजवर मिळालेला नाही. शिवाय ती वंशावळ १९०७ साली एका बंगाली नियतकालिकात छापली गेली होती. नागपूरच्या मराठी बाईच्या हाती ते अंक पडले असण्याचा संभव फारच थोडा, हे खरे. परंतु छापील कागद म्हटला की तो कोणाच्या तरी वाचनात येण्याची वाट बंद झाली असे म्हणता येत नाही. ज्या घराण्यातल्या स्त्रियांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, तिथल्या एका स्त्रीचा शोध शेवटी तिच्या बापाच्या आणि आप्तपुरुषांच्या नावांवर येऊन थांबावा, हा योगही विचार करावयास लावणारा आहे.

मराठी घरात बंगाल कसा आला?

पुनर्जन्म आणि परकायाप्रवेश ह्यांच्याकडे धाव घेण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. उत्तराबाईंना बंगाल किती ठाऊक होता? ह्याचे उत्तर ‘अगदीच नाही’ असे नाही. बाळाजी हुद्दार ह्यांना बंगालमधील क्रांतिकारकांविषयी आणि पुढाऱ्यांविषयी आदर होता. उत्तराबाईंनी बंगाली कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद वाचले होते. तरुणपणी बंगाली लिपीचे थोडेफार धडेही त्यांनी घेतले होते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यापासून आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत बंगाली सुना, दुर्गापूजा, शंखध्वनी आणि तलावाकाठची गावे इतकी परिचित झाली की पुष्कळ मराठी वाचकांना कलकत्ता न पाहताही ओळखीचा वाटे. नागपूर तर रेल्वेचे मोठे केंद्र. तेथे बंगाली कुटुंबांची जुनी वस्ती आहे. दुर्गोत्सवात, शेजारीपाजारी, कॉलेजात बंगाली कानी पडत असणारच.

इतिहासाचाही एक धागा येथे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जात होत्या. त्यांचे सेनापती भास्करराम १७४४ साली अलीवर्दीखानाच्या कपटाला बळी पडले, आणि १७५१च्या तहाने ह्या स्वाऱ्या थांबल्या. बंगालमध्ये ‘बर्गी’ ह्या नावाने मराठ्यांची धास्ती पुढे कित्येक पिढ्या लहान मुलांना झोपवताना सांगितली जाई. त्याच नागपुरात, दोन शतकांनंतर, एका मराठी घरात बंगाली वधू बोलू लागावी! ह्या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण दोन प्रांतांच्या मनांत एकमेकांच्या आठवणी किती खोल रुजल्या आहेत एवढे त्यातून दिसते.

आता मुख्य मुद्दा भाषेचा. वाचलेली, कानावर पडलेली भाषा ओळखणे वेगळे आणि तीत अस्खलित संभाषण करणे वेगळे. डॉ. स्टीव्हन्सन ह्यांचे म्हणणे असे, की माहिती आडमार्गाने मिळू शकते, पण बोलण्याचे कौशल्य सरावाशिवाय येत नाही. सायकल कशी चालते हे ऐकून सायकल चालवता येत नाही, तसेच हे. शारदेशी बोललेल्या बहुतेक बंगाली मंडळींना तिचे बोलणे सहज वाटले. तीत संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आणि इंग्रजी शब्दांचा अभाव आहे, म्हणून ती जुन्या काळची भाषा असावी, असेही काहींचे मत पडले. उच्चारांविषयी मात्र सर्वांचे एकमत झाले नाही.

ह्यावर भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. सारा थॉमसन ह्या अमेरिकन विदुषींनी असे दाखवून दिले की न शिकलेल्या भाषेच्या अशा प्रकरणांत चाचण्या पुरेशा कडक नसतात, आणि ज्या परिसरात ती भाषा बोलणारी माणसे राहतात, तेथे ती अजाणता कानी पडून मुरण्याची शक्यता नाकारता येत नाही. ह्यात आपल्यासारख्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट सुचते. मराठी आणि बंगाली ह्या सख्ख्या बहिणी. दोघींच्या पदरात संस्कृत शब्दांचे भांडार एकच. बंगालीचा ढंग ज्याला साधला आहे अशा सुशिक्षित मराठी माणसाला शब्द अडला की तो संस्कृत शब्दाच्याच आधारे पुढे जाणार, आणि ऐकणाऱ्याला ती भाषा आपोआप जुनी, भारदस्त वाटणार. तेव्हा संस्कृतप्रचुरता हा जुन्या काळाचा पुरावा ठरेल तसाच तो मराठी मातृभाषेचाही पुरावा ठरू शकेल. हीच उत्तराबाई एखादे दिवशी अस्खलित तेलुगू बोलत्या, तर कसोटी अधिक कठीण ठरली असती.

आपल्या सीमेवरचा दाखला

हा मुद्दा भैंसा, मुधोळ, कुबेर ह्या भागातल्या मराठी घरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबाद जिल्ह्यात आणि आंध्र प्रदेशात गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६मध्ये भैंसा नव्या निर्मळ जिल्ह्यात आले. माणसे जेथल्या तेथेच राहिली. कागदावरचे जिल्हे आणि राज्ये तेवढी बदलत गेली. घरात मराठी, बाजारात उर्दू, कचेरीत तेलुगू असा व्यवहार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कापसाच्या मोंढ्यात भाव करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला कोणी विचारले, ‘तेलुगू कुठे शिकलास?’ तर तो म्हणेल, ‘शिकलो कुठे? येते.’ ह्या ‘येते’मध्ये लहानपणापासूनचे खेळ, भांडणे, उधाऱ्या, लग्नाच्या वराती सारे काही असते, फक्त शिकल्याची आठवण नसते. मन किती साठवते आणि त्यातले किती थोडे आपल्याला ठाऊक असते, ह्याचा हा रोजचा दाखला आहे.

ह्याच भागातल्या घरांना दुसरीही बाजू कळते. नातवंडे शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबादला गेली की त्यांची मराठी हळूहळू विरते. आजी बोलते, नातू समजतो. पण उत्तर दुसऱ्या भाषेत येते. हुद्दारांच्या घरात जे एका रात्रीत घडले तेच पुष्कळ घरांत तीस वर्षांत घडते, आणि त्याची बातमी कोठे छापून येत नाही. म्हणूनच उत्तराबाईंच्या आईवडिलांचे दुःख आपल्याला इतरांपेक्षा अधिक जवळचे वाटावे.

अंगात येणे आणि हे प्रकरण

अंगात येणे आपल्या लोकांना नवे नाही. माहूरच्या रेणुकेच्या यात्रेत, नवरात्रात, पौर्णिमेला स्त्रियांच्या अंगात देवी येताना आपण पाहिले आहे. सिकंदराबादच्या उज्जयिनी महांकाळी मंदिरात बोनालूच्या उत्सवात कच्च्या मडक्यावर उभी राहून एक स्त्री वर्षाचे भविष्य सांगते, आणि तिचे शब्द ऐकावयास हजारो लोक लोटतात. ह्या सर्व प्रकारांत काही गोष्टी समान आहेत. देवी ठरलेली असते, वेळ आणि जागा बहुधा ठरलेली असते, भक्त समोर असतात, आणि अंगात आलेली बाई लोकांना काही तरी देते: कौल, आशीर्वाद किंवा धाक. एरवी जिला घरात बोलावयाची मुभा नसते अशा सासुरवाशिणीलाही त्या घटकेपुरते सारे घर हात जोडून ऐकते, हे अभ्यासकांनी दाखवले आहे आणि आपल्यालाही ते अनुभवाने पटते.

शारदेचे प्रकरण ह्यांत बसत नाही. तिने भविष्य सांगितले नाही, कोणाला कौल दिला नाही, पैसा मागितला नाही, शिष्य जमवले नाहीत. ती देवी नव्हती. एका साध्या गृहिणीचे आयुष्य ती सांगत होती. ह्या प्रकाराने उत्तराबाईंचा लाभ झाला असे कोणी म्हणू शकणार नाही; उलट आयुष्याची घडी विस्कटली. म्हणून ज्या चिकित्सकांना पुनर्जन्म मान्य नाही त्यांनीसुद्धा लबाडीचा आरोप सहसा केलेला नाही. त्यांचा कल आहे तो मनाच्या दुभंगाकडे. मनावरचा ताण असह्य झाला की काही व्यक्तींच्या मनाचा एक भाग वेगळा पडतो, त्याला स्वतःचे नाव, स्मृती आणि रीतभात लाभते, आणि तो आळीपाळीने पुढे येतो, हे मानसशास्त्राला मान्य आहे. अशा वेळी वर्षानुवर्षे साठलेले वाचन, ऐकलेली भाषा, दाबलेल्या इच्छा ह्यांतून त्या दुसऱ्या व्यक्तीचे आयुष्य विणले जात असावे. डॉ. स्टीव्हन्सन ह्यांचा कल मात्र असा, की एवढ्यानेही शारदेच्या अस्खलित भाषेचा आणि वंशावळीतल्या नावांचा पुरता उलगडा होत नाही. चाळीसहून अधिक वर्षे उलटली तरी हा वाद मिटलेला नाही.

आधुनिक वैद्यकाने अशा अवस्थांची दखल घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘संचार’ आणि ‘भानरहित अवस्था’ ह्यांना विकार म्हणून स्थान आहे. पण तेथेच असेही स्पष्ट केले आहे की एखाद्या समाजाच्या मान्य धार्मिक आचाराचा भाग म्हणून अंगात येत असेल तर त्याला विकार समजू नये. ती अवस्था इच्छेविरुद्ध येते, त्या व्यक्तीला क्लेश देते आणि तिचा संसार-व्यवहार अडवते, तेव्हाच तो उपचाराचा विषय होतो. ही कसोटी मोठी शहाणपणाची आहे, आणि कोणत्याही घराला ती लावता येण्यासारखी आहे.

घराने काय करावे?

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग उद्भवला, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या स्त्रीला मारहाण, उपाशी ठेवणे, मिरच्यांची धुरी, साखळदंड असले कोणतेही अघोरी उपाय करू नयेत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, तसेच अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना भीती घालणे हे गुन्हे ठरवले आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्यात गुन्हा आहे. शारदेची कथा सर्पदंशाशी येऊन थांबते. तिच्या काळी त्यावर इलाज नव्हता. आज सरकारी दवाखान्यांतून प्रतिविष मिळते. तरीही भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांत शेतात राबणारी खेड्यातली माणसेच अधिक होती. कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत वावरणाऱ्या आपल्या घरांनी हा आकडा विसरू नये. साप चावला तर पाय न हलवता, वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट म्हणजे तमाशा होऊ देऊ नये. दर्शनाला येणाऱ्यांची रांग, नारळ-उदबत्त्या, छायाचित्रे, पत्रकार ह्यांच्यामुळे आजार बरा होत नाही. उलट जो भाग वेगळा पडला आहे त्याला अधिकच बळ येते, आणि ती व्यक्ती भानावर आल्यावर लोकांच्या नजरा तिला नकोशा होतात. तिसरी गोष्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. ताप आला तर डॉक्टर, आणि मन दुखावले तर मांत्रिक, ही विभागणी आता सोडावयास हवी. आणि चौथी, सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे ऐकावे. ती काय बोलते, कशाची वाट पाहते, कशाला भिते, हे लक्षपूर्वक ऐकावे. शारदा कोणीही असो, ती एका नवऱ्याची, एका न जन्मलेल्या मुलाची आणि हरवलेल्या घराची आठवण काढत होती. त्या बोलण्यात उत्तराबाईंचे स्वतःचे काही सांगणे दडले होते की काय, हा प्रश्न वंशावळीच्या प्रश्नापेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता.

पुनर्जन्मावर विश्वास ठेवणाऱ्याने तो ठेवावा. न ठेवणाऱ्याने ठेवू नये. दोघांनाही ह्या प्रकरणात आपापल्या बाजूचा आधार सापडेल आणि दोघांनाही अडचणीत टाकणाऱ्या गोष्टीही सापडतील. संशोधकांना काय पटले आणि काय पटले नाही ते ग्रंथांतून नमूद आहे. पण ज्या घरात मुलगी आपली भाषा विसरून बसली होती, त्या घराने तिच्या पुढ्यात रोज पान वाढले, तिच्या परक्या बोलीतले शब्द शिकण्याचा प्रयत्न केला, आणि ती भानावर येईपर्यंत दार उघडे ठेवले. कोडे सुटले नाही तरी माणूस सांभाळता येतो, हे हुद्दारांच्या घराने दाखवले. आणि आपल्या घरांना उपयोगी पडेल अशी ह्या साऱ्या प्रकरणातली गोष्ट हीच आहे.